कप दोन्ही घरांतून जायला हवा

(सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, आज मी एका अंतिम लढतीबद्दल बोलणार आहे. ती ठरल्या जागी पूर्ण होऊ शकली नाही, आणि तेच मला आजवर सलत आलं आहे. २०१८ सालची कोपा लिबर्टाडोरेसची अंतिम लढत. दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची ही सर्वांत मोठी स्पर्धा. समोरासमोर होते बोका ज्युनियर्स आणि रिव्हर प्लेट, अर्जेंटिनातल्या एकाच ब्यूनस आयर्स शहरातले दोन हाडवैरी. ही स्पर्धा १९६० पासून चालू आहे, आणि तिच्या अंतिम फेरीत हे दोघे एकमेकांसमोर आले ते त्या वर्षी पहिल्यांदाच.

आधी पद्धत सांगतो. आपण सोलापूरकर क्रिकेटवर वाढलेले. पॉली उम्रीगर आपल्या गावात जन्मले, पार्क मैदानावर रणजीचे सामने झाले. त्यामुळे फुटबॉलची ही रीत सगळ्यांना माहीत असेलच असं नाही. दोन क्लब, दोन मैदानं, दोन सामने. एक तुमच्या घरी, एक आमच्या घरी. दोन्ही सामन्यांतले गोल एकत्र मोजायचे, ज्याचे जास्त त्याचा कप. यातल्या प्रत्येक सामन्याला ‘लेग’ म्हणतात. युरोपातल्या क्लबांच्या यूएफा कप या स्पर्धेची अंतिम लढत १९९७ पर्यंत अशीच व्हायची, इटलीतल्या कोपा इटालियाची २००७ पर्यंत. लिबर्टाडोरेसमधली अशी शेवटची लढत २०१८ चीच. पुढच्या वर्षापासून अंतिम सामना एकच आणि तोही तिसऱ्याच गावात घ्यायचा, हे आधीच ठरलं होतं.

माझं म्हणणं आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं कशासाठी चाललंय ते कळेल. दोन शेजाऱ्यांमधली अंतिम लढत दोन लेगांचीच असली पाहिजे. ज्यांच्या घामावर आणि वर्गणीवर क्लब उभा राहिला, त्यांच्या दारावरून कप गेला पाहिजे. आणि तो जायचा असेल, तर वैऱ्याला घरी बोलावून धडधाकट परत पाठवायची जबाबदारी घरच्यांनीच उचलली पाहिजे. ती उचलली गेली नाही की काय होतं, ते २०१८ ने दाखवलं.

आता हे दोन क्लब. ब्यूनस आयर्सच्या बंदराला लागून ला बोका नावाची वस्ती आहे. इटलीतून, त्यातही जेनोआकडून, आलेल्या खलाशांची आणि गोदी कामगारांची ही वस्ती. पत्र्याची घरं, आणि त्यांना भडक रंग. याच वस्तीत १९०१ मध्ये रिव्हर प्लेट सुरू झाला आणि १९०५ मध्ये बोका ज्युनियर्स. दोघंही एकाच मोहल्ल्यातली पोरं. पुढे रिव्हर तिथून उठला आणि शहराच्या उत्तरेकडच्या सधन भागात गेला. १९३० च्या दशकात त्यांनी भल्यामोठ्या रकमा मोजून खेळाडू आणले, तेव्हापासून लोक त्यांना ‘लक्षाधीश’ म्हणू लागले. १९३८ मध्ये त्यांचं मोन्युमेंटल स्टेडियम उघडलं. बोका होता तिथेच राहिला. १९४० मध्ये त्याच दाटीवाटीच्या वस्तीत त्यांचं ला बॉम्बोनेरा उभं राहिलं. जागा एवढी तोकडी, की तीन बाजूंना उतरते सज्जे बांधल्यावर चौथ्या बाजूला जवळजवळ उभी भिंतच घालावी लागली, आणि त्या भिंतीत प्रेक्षक बसतात. हजारो लोक एका तालावर उड्या मारायला लागले की ते स्टेडियम खरोखर हलतं.

आज दोन्ही क्लबांचे चाहते देशभर आहेत, सगळ्या थरांतले आहेत. गरिबांचा बोका आणि श्रीमंतांचा रिव्हर ही वाटणी आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. पण गोदीवरच्या लोकांनी आपला क्लब उभा केला, ही आठवण अजून जिवंत आहे. ती आपल्याला कळायला अवघड जाऊ नये. १८७० च्या दशकात इथे सोलापुरात ‘जुनी गिरणी’ म्हणतात ती कापडगिरणी आली, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कर्नाटकातून लोक आले. भोंग्यावर गाव उठायचं आणि भोंग्यावर निजायचं. परगावाहून आलेल्या माणसाला नव्या गावात आपलं म्हणायला काहीतरी लागतं. कुणाला तालीम मिळते, कुणाला भजनी मंडळ, कुणाला क्लब.

हे वैर किती जुनं आणि किती बारीक आहे, त्याचा एक नमुना सांगतो. बोकावाले रिव्हरवाल्यांना ‘कोंबड्या’ म्हणतात. त्याचं मूळ १९६६ च्या लिबर्टाडोरेसच्या अंतिम लढतीत आहे. तेव्हा दोन लेगांत दोघांनी एकेक सामना जिंकला, तर तिसरा सामना तटस्थ गावी व्हायचा. उरुग्वेच्या पेन्यारोलने माँतेव्हिदेओत २-० ने जिंकलं, रिव्हरने आपल्या घरी ३-२ ने. तिसरा सामना चिलीतल्या सांतियागोला झाला. रिव्हर २-० ने पुढे होता. तिथून तो जादा वेळेत ४-२ ने हरला. परत आल्यावर बानफिल्डच्या मैदानावर कुणीतरी गळ्यात लाल पट्टा बांधलेली एक कोंबडी आत सोडली. रिव्हरच्या पांढऱ्या सदऱ्यावर लाल तिरका पट्टा असतो, म्हणून तो पट्टा. अर्धं शतक उलटून गेलं, तरी ती कोंबडी मेलेली नाही. त्यात २०११ मध्ये कोर्दोबाच्या बेलग्रानोकडून दोन लेगांत हरून रिव्हर खालच्या श्रेणीत गेला. त्या दिवसाची आठवण बोकावाले प्रत्येक सामन्याला करून देतात.

म्हणजे २०१८ च्या लढतीला दोघेही किती ओझं घेऊन उतरले असतील, बघा.

दोन लेगांमुळे खेळात नेमकं काय बदलतं, यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण या पद्धतीची खरी गोडी तिथेच आहे. एकाच सामन्याच्या अंतिम लढतीत नव्वद मिनिटांत सोक्षमोक्ष लागतो. एक चूक झाली, संपलं. दोन लेगांत एकशे ऐंशी मिनिटं असतात आणि मधे एक-दोन आठवड्यांची खोटी असते. त्या दिवसांत निकाल अर्धाच असतो. सगळं गाव तो अर्धा निकाल खिशात घालून कामावर जातं. प्रशिक्षकाला समोरच्याचे पत्ते कळलेले असतात, पण समोरच्यालाही याचे कळलेले असतात. पहिल्या लेगला जो बचावपटू आघाडीवीराच्या वेगापुढे उघडा पडला, त्याच्या मदतीला दुसऱ्या लेगला मध्यरक्षक येतो. मग मधली जागा मोकळी पडते आणि भांडण तिकडे सरकतं. पहिल्या लेगला २-० ने पुढे गेलेला संघ दुसऱ्या लेगला काय करतो, यात त्याचा स्वभाव दिसतो. धरून बसतो की पुढे जातो?

१९८८ च्या यूएफा कपमध्ये बार्सेलोनाच्या एस्पान्योलने पहिला लेग घरी ३-० ने जिंकला. कप आलाच, असं कुणालाही वाटलं असतं. दुसरा लेग जर्मनीत, लेव्हरकुसेनला. मध्यंतरापर्यंत एकही गोल नाही. नंतरच्या पंचेचाळीस मिनिटांत लेव्हरकुसेनने तीन मारले, बेरीज ३-३ झाली आणि त्यांनी पेनल्टी शूटआऊटमध्ये कप उचलला. एका सामन्याच्या लढतीत हे नाट्य घडूच शकत नाही. तिथे ३-० म्हणजे ३-०.

‘अवे गोल’चा नियमही काही जणांना आठवत असेल. बेरीज सारखी झाली, तर ज्याने परक्या मैदानावर जास्त गोल केले तो पुढे. युरोपात तो १९६५-६६ च्या हंगामात आला आणि यूएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, २०२१ मध्ये काढून टाकला. पाहुण्या संघाने घाबरून न खेळता हल्ला करावा, हा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात यजमानच घाबरायला लागले. आपल्या घरी एक गोल खाल्ला तर तो दुप्पट महाग पडणार, म्हणून पहिल्या लेगला घरचा संघ दार लावून बसायचा. लिबर्टाडोरेसच्या अंतिम लढतीला हा नियम लागू नव्हता, आणि ते योग्यच होतं असं माझं ठाम मत आहे. घरचा गोल आणि बाहेरचा गोल, दोन्हींची किंमत सारखी. म्हणूनच २०१८ चा पहिला लेग इतका मोकळा झाला.

तो १० नोव्हेंबरला व्हायचा होता. त्या दिवशी ब्यूनस आयर्सला असा पाऊस कोसळला की बॉम्बोनेराचं तळं झालं. सामना दुसऱ्या दिवसावर गेला. ११ तारखेला स्टेडियम भरलं ते फक्त बोकाच्या लोकांनी. पाहुण्यांचा एकही चाहता आत नाही. २०१३ मध्ये ला प्लाता इथे एका सामन्याच्या वेळी पोलिसांच्या गोळीने एक चाहता मेला, तेव्हापासून अर्जेंटिनात पाहुण्या चाहत्यांना मनाई होती. या लढतीपुरती ती उठवावी, असं राष्ट्राध्यक्ष माक्री यांनी सुचवलं होतं. ते स्वतः बोकाचे माजी अध्यक्ष. क्लबांनी नको म्हटलं. म्हणजे एक दार आधीपासूनच बंद होतं.

३४ व्या मिनिटाला बोकाच्या रामोन आबिलाने डावीकडून फटका मारला. रिव्हरचा गोलरक्षक फ्रांको आर्मानीने तो अडवला, चेंडू परत आबिलाकडेच आला आणि दुसऱ्या फटक्याला आत गेला. बॉम्बोनेरा अजून नाचत होतं. मधल्या रेषेवरून खेळ सुरू झाला आणि मिनिटभरात लुकास प्रात्तोने बरोबरी साधली. आवाज कापल्यासारखा थांबला. मध्यंतराच्या तोंडावर फ्री किकवर दारिओ बेनेदेत्तोने डोकं लावलं, २-१. तो तर जखमी साथीदाराच्या जागी आलेला बदली खेळाडू. उत्तरार्धात रिव्हरच्या फ्री किकवर बोकाच्याच इझ्किएर्दोसचा स्वयंगोल झाला, २-२. शेवटच्या मिनिटाला बेनेदेत्तो एकटा आर्मानीसमोर होता. आर्मानी पुढे सरसावला आणि त्याने अंगावर चेंडू घेतला. त्या एका क्षणाने दुसऱ्या लेगमध्ये जीव ठेवला.

इथपर्यंत ही जगातली उत्तम अंतिम लढत होती.

२४ नोव्हेंबर, शनिवार. दुसरा लेग मोन्युमेंटलला. स्टेडियममध्ये साठ हजारांवर लोक सकाळपासून येऊन बसलेले. बोकाची बस स्टेडियमच्या अगदी जवळ आली, तेव्हा ती एका वळणावर रिव्हरच्या घोळक्याच्या मधोमध सापडली. तिथे पुरेसे पोलीस नव्हते, कठडे नव्हते. दगड, बाटल्या, हाताला येईल ते बसवर आलं. काचा फुटून आत उडाल्या. पोलिसांनी सोडलेला धूर फुटक्या खिडक्यांतून आत शिरला. खेळाडू खोकत, डोळे चोळत, काही जण ओकत उतरले. कर्णधार पाब्लो पेरेझच्या डोळ्याला इजा झाली. त्याला रुग्णालयात नेलं आणि तो डोळ्यावर पट्टी बांधून परत स्टेडियमवर आला. कशासाठी? तर सामना खेळवायचाच, असा दबाव होता म्हणून. वेळ पुढे ढकलली, पुन्हा ढकलली. शेवटी सामना दुसऱ्या दिवसावर गेला आणि दुसऱ्या दिवशीही झाला नाही.

त्या दिवशीचं एक चित्रीकरण सगळीकडे फिरलं. एक बाई एका लहान मुलीच्या पोटाभोवती शोभेच्या दारूच्या नळकांड्या चिकटपट्टीने बांधत होती, स्टेडियममध्ये चोरून न्यायला. मुलगी निमूट उभी होती. दगडांपेक्षा मला ते जास्त लागलं. क्लबावरच्या प्रेमाच्या नावाखाली आपण पोरांच्या अंगावर काय बांधतो, हे मी तेव्हापासून विसरलेलो नाही.

हे का झालं? वेडे चाहते, असं म्हणून मोकळं होता येत नाही. अर्जेंटिनातल्या मोठ्या क्लबांभोवती संघटित टोळ्या आहेत. त्यांचा धंदा तिकिटांच्या काळ्या बाजारावर, पार्किंगवर, सामन्याच्या दिवशीच्या विक्रीवर चालतो. लढतीच्या आदल्या दिवशी पोलिसांनी रिव्हरच्या टोळीच्या एका म्होरक्याच्या घरावर छापा घातला, तिथे सुमारे तीनशे तिकिटं आणि रोकड सापडली. दगडफेक हे त्याचंच उत्तर होतं, असं तेव्हा अनेकांनी म्हटलं. बसचा रस्ता उघडा का पडला, याचं उत्तर प्रशासनाला देता आलं नाही आणि शहराच्या सुरक्षा मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. म्हणजे तिकिटात पैसा, पैशात टोळी, टोळीपुढे प्रशासन हतबल. आणि शिक्षा कुणाला? सकाळपासून उन्हात बसलेल्या त्या साठ हजारांना.

बोकाने मागणी केली की रिव्हरला बाद करा. त्यालाही मागचा संदर्भ होता. २०१५ मध्ये याच स्पर्धेत या दोघांची गाठ पडली, तेव्हा बॉम्बोनेरात मध्यंतराला बोकाच्या बाजूने रिव्हरच्या खेळाडूंवर तिखटाचा फवारा मारला गेला. सामना तिथेच थांबला आणि बोकाला बाद केलं गेलं. दोन्ही घरांनी एकेकदा पाहुण्यावर हात उचलला. इथे मी कुणा एकाची बाजू घेऊ शकत नाही.

दक्षिण अमेरिकेची संघटना कॉन्मेबॉल, तिने बोकाची मागणी फेटाळली. रिव्हरला दंड केला, घरच्या दोन सामन्यांना प्रेक्षक नकोत असं सांगितलं, आणि दुसरा लेग नेला माद्रिदला. स्पेनला! रेआल माद्रिदच्या सांतियागो बर्नाबेऊवर. घरापासून सुमारे दहा हजार किलोमीटर. स्पर्धेचं नाव स्पेनच्या राजवटीतून हा खंड सोडवणाऱ्या मुक्तिदात्यांवरून आणि तिचा कप ठरणार स्पेनच्या राजधानीत. दोन्ही क्लबांचा विरोध होता. रिव्हरने तर सांगितलं, आमचा यजमानपणाचा हक्क हिरावलात.

हे किती मोठं होतं, ते आपल्या भाषेत सांगतो. दर संक्रांतीला आपल्या गावात सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात. अडुसष्ट लिंगांना जातात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. काठ्या पेलणारे हात इथले, वाट इथली, रस्त्याच्या कडेला पहाटेपासून उभी असलेली माणसं इथली. समजा, एका वर्षी वाटेत कुणी दंगा केला आणि वरून हुकूम आला, की यंदा नंदीध्वज सुरक्षेच्या कारणास्तव दुसऱ्या देशात निघतील, तिकडच्या रस्त्याला रोषणाई चांगली आहे. काठ्या त्याच असतील, बाराबंदी तीच असेल. पण ती आपल्या गड्ड्याच्या जत्रेची मिरवणूक म्हणाल का?

९ डिसेंबरला माद्रिदला सामना झाला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. फुटबॉल म्हणून तो सामना मोठा होता, हे मान्य केलंच पाहिजे. ४४ व्या मिनिटाला नान्देसच्या लांब पासवर बेनेदेत्तो बचावातून निसटला आणि त्याने गोल केला. वळताना रिव्हरच्या मोन्तिएलला त्याने जीभ काढून दाखवली. ६८ व्या मिनिटाला रिव्हरने छोट्या छोट्या पासांनी बोकाचा बचाव उलगडला आणि प्रात्तोने बरोबरी केली. बेरीज ३-३. जादा वेळ सुरू होताच बोकाच्या बार्रियोसला दुसरं पिवळं कार्ड मिळालं, दहा जण उरले. १०९ व्या मिनिटाला कोलंबियाच्या हुआन फर्नांडो क्विंतेरोने डाव्या पायाने बाहेरून असा फटका मारला की चेंडू आडव्या दांडीला खालून घासून आत गेला. बदली खेळाडू संपलेले असताना बोकाचा गागो जखमी होऊन बाहेर पडला, नऊ जण उरले. नऊ जणांनीही शेवटपर्यंत हल्ला केला. बोकाच्या लिओनार्दो हाराचा फटका खांबाला लागला. शेवटच्या कॉर्नरला त्यांचा गोलरक्षकही पुढे आला. तो चेंडू सुटला, गोंसालो मार्तिनेझला मिळाला, आणि समोर अर्धं मैदान आणि रिकामं गोल. तो एकटा पळत गेला. ३-१, बेरीज ५-३. रिव्हरचा चौथा लिबर्टाडोरेस. कोंबडीचा हिशोब चुकता झाला, असं रिव्हरवाले म्हणतात, आणि त्यांना तो आनंद लखलाभ.

माझ्या म्हणण्याच्या विरोधात जाणारी एक गोष्ट मी लपवणार नाही. माद्रिदला दोन्ही क्लबांचे चाहते एकाच स्टेडियममध्ये बसले होते. बासष्ट हजारांवर माणसं, एका टोकाला निळा-पिवळा, दुसऱ्या टोकाला लाल-पांढरा, आणि काहीही विपरीत झालं नाही. जे त्यांच्या स्वतःच्या शहरात २०१३ पासून होत नव्हतं, ते परक्या शहरात झालं. मग कशाला घरचा आग्रह, असं कुणी विचारेल. मी उलट विचारतो. तीच माणसं, तेच वैर, तर माद्रिदला काय वेगळं होतं? पोलिसांची आखणी होती, दोन्ही गटांच्या वाटा वेगळ्या होत्या, तिकिटं टोळ्यांच्या हातात नव्हती. यातलं एकही काम ब्यूनस आयर्सला अशक्य नाही. बसवर दगड पडल्यावर आठवड्याभरातच, ३० नोव्हेंबर आणि १ डिसेंबरला, त्याच शहरात जी-२० परिषद झाली. जगातले बलाढ्य देशांचे प्रमुख येऊन सुखरूप परत गेले. एका बसला मात्र स्टेडियमपर्यंत नीट पोचवता आलं नाही.

हे अर्जेंटिनातच झालं, असंही नाही. १९९० ची यूएफा कपची अंतिम लढत युव्हेंटस आणि फिओरेंतिना या इटलीतल्या दोन कट्टर वैऱ्यांची होती. पहिला लेग तुरिनला, ३-१. आधीच्या फेरीतल्या गडबडीमुळे फिओरेंतिनाला त्यांचा यजमान सामना दक्षिणेत अवेल्लिनोला नेऊन खेळावा लागला, जिथे युव्हेंटसचे चाहते भरपूर. ०-० झालं, कप गेला. दोन दिवसांत त्यांचा लाडका रोबेर्तो बाज्जो त्याच युव्हेंटसला विकला गेला आणि फ्लोरेन्सचे रस्ते पेटले. घर हिरावलं, वर घरातला मुलगा नेला. त्या लोकांचा दगड मी समर्थनीय म्हणणार नाही, पण त्यांचं दुःख मला समजतं.

आणि गर्दीच्या जिवाची किंमतही आपण जाणतो. मोन्युमेंटलच्याच बारा नंबरच्या दारात २३ जून १९६८ रोजी चेंगराचेंगरीत ७१ माणसं गेली. बहुतेक बोकाची तरुण पोरं. आपल्या कोलकात्यात १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या सामन्यात १६ जण गेले. म्हणून सुरक्षिततेचा मुद्दा मी कधीच हलका मानणार नाही. पण १९८० नंतर कोलकात्याने तो सामना दुसऱ्या देशात पाठवला नाही. १३ जुलै १९९७ ला सॉल्ट लेकवर सव्वा लाखाहून जास्त लोकांसमोर हेच दोन संघ फेडरेशन कपची उपांत्य फेरी खेळले, बायचुंग भुतियाने हॅटट्रिक केली आणि ईस्ट बंगालने ४-१ ने जिंकलं.

२०१९ पासून लिबर्टाडोरेसचा अंतिम सामना एकच. पहिलाच सांतियागोला ठरला होता. चिलीतल्या आंदोलनामुळे तो आयत्या वेळी पेरूत लिमाला गेला. ब्राझीलचा फ्लामेंगो रिव्हरला शेवटच्या काही मिनिटांतल्या दोन गोलांनी २-१ ने हरवून गेला. सामना रंगतदार. पण पाहायला कोण गेलं? ज्याला विमानाचं तिकीट, हॉटेलचं भाडं आणि आठवड्याची रजा परवडते तो. गोदीवर पाळी करणाऱ्याने दूरचित्रवाणीवर पाहायचा. दूरचित्रवाणीवर पाहणं वाईट नाही, आपण सगळे तेच करतो. पण क्लब त्याचा आहे. हंगामभर पावसात उभं राहून त्यानेच गळा फोडला. जेवण वाढायची वेळ आली, तेव्हा पंगत परगावी.

आपल्या पूर्व भागातल्या यंत्रमागावरच्या माणसाचा विचार करा, विडी घरकुलातल्या बाईचा आणि तिच्या मुलाचा विचार करा. त्यांच्या मुलाचा संघ अंतिम फेरीत पोचला, तर सामना चालत जाता येईल एवढ्या अंतरावर असला पाहिजे. यात मला कुठलीही तडजोड मान्य नाही.

कोल्हापूरकरांचं मी नेहमी कौतुक करतो. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, तालमी-तालमींचे संघ आणि पेठेची पेठ शाहू स्टेडियमवर लोटलेली. पण तिथे सगळे एकाच मैदानावर खेळतात. त्यामुळे ईर्षा येते, यजमानपण येत नाही. वैऱ्याला आपल्या अंगणात उतरवून घेणं, त्याला कपडे बदलायला खोली देणं, त्याच्या पोरांना पाणी देणं आणि मग मैदानावर त्याला जीव तोडून हरवायला बघणं, हे शिकवायचं तर दोन अंगणं लागतात.

म्हणून माझी एक सूचना आहे, आणि ती अमलात यावी म्हणूनच मी आज इथे आलो. आपल्या जिल्ह्यात सोलापूर, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट इथे पोरं फुटबॉल खेळतात. एखाद्या स्पर्धेची अंतिम लढत दोन लेगांची करा. एक सामना त्यांच्या गावी, एक आपल्या गावी, मधे एक आठवडा. पाहुण्यांच्या चाहत्यांसाठी यजमानांनी एक बाजू राखून ठेवायची आणि तिची जबाबदारी यजमान क्लबाच्या कार्यकर्त्यांनी घ्यायची, पोलिसांवर ढकलायची नाही. पाहुण्यांची गाडी वेशीवर घ्यायला यजमानांचा कर्णधार जाईल आणि सामना संपल्यावर तोच सोडायला जाईल. जिथे पाहुण्यांवर एकही दगड पडेल, तिथे पुढच्या वर्षी लेग नाही. तिकीट ठेवू नका. ठेवलंच तर ते शाळेतून वाटा, चौकातल्या कुणाच्या हातात गठ्ठा देऊ नका. सामना संध्याकाळचा ठेवा, दिवसपाळी सुटल्यावर माणूस घरी जाऊन, तोंड धुऊन येऊ शकेल असा.

पहिला लेग कुणाच्या घरी, हे चिठ्ठी टाकून ठरवता येईल. मैदान कुठलं, गोलांची जाळी कोण देणार, पंच कुठून आणायचे, हे मात्र बोलल्याशिवाय ठरणार नाही. ज्या क्लबांची आणि शाळांची माणसं आज इथे आली आहेत त्यांनी कार्यक्रम संपल्यावर जाऊ नये. मी थांबतोय. मागच्या खोलीत वही आणि पेन ठेवलंय, तिथेच बसून बोलू.